देवीचा कोंबडा आणि माहेरच्या कोंबड्या

माझा राग नाकावर असतो हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पाण्याच्या टँकरवाल्यापासून मीटर रीडिंग घेणाऱ्यापर्यंत मी कुणाला सोडत नाही. समोरच्या माणसाचं चुकलं की माझ्या तोंडून गेलंच. तरी मागच्या वर्षी एका कोंबड्यापायी मी अशी हात टेकून बसले, की आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

आम्ही सोलापूरच्या कडेला राहतो, विजापूर रोडवरून आत, डांबरी संपून काळी माती लागते तिथं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि तिला लागून एवढंसं अंगण. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी पडवीत मशीन टाकून ब्लाउज शिवते, आणि आत्या दाराशी पाट टाकून बसतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. साखर खाली येत नाही म्हणून ऑपरेशन अडलंय. माणूस त्यांना सावलीसारखं दिसतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात.

चार वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचा ट्रक हुमनाबादच्या अलीकडं पलटी झाला. चार दिवस शुद्ध नव्हती. मी डॉक्टरांशी भांडत होते, नर्सशी भांडत होते, आणि आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसून गावच्या देवीशी बोलत होत्या. देवीला कोंबडा बोलला त्यांनी. पण बोलल्या काय तर, "बया, लेकाचा जीव मागायचा आन् दुसऱ्याचा कापायचा, ह्ये मला जमायचं न्हाय. जित्ता सोडते तुज्या नावानं."

पाचव्या दिवशी नवऱ्यानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. झालं! कोंबडा आणणं आलं. तांबूस पिसांचा, काळ्याभोर शेपटीचा, नुकता आरवायला शिकलेला एक कोंबडा आम्ही देवळात नेला. गुरवानं हळदकुंकू लावलं, पायात पिवळा दोरा बांधला आणि आमच्याच हातात परत दिला. देवळापुढं सोडलेला कोंबडा दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी रश्श्यात उकळतो, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणाला, घरीच सांभाळा. फक्त कापायचा नाही, विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. तो आता देवीचा.

आत्यांनी मनात काय गाठ बांधली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण सकाळी उठल्या की पहिला प्रश्न, "कोंबडा हाय न्हवं?" आणि दुसरा, "त्याचा फोन आलता का?" हा क्रम तीन वर्षांत एकदाही बदलला नाही. मग मला काय कळायचं राहिलं? तो आहे तोवर लेक आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण नवरा घाटात असला, फोन लागत नसला, की मीसुद्धा एक नजर अंगणाकडं टाकायचे, खोटं कशाला सांगू?

आता ह्या कोंबड्याचा स्वभाव. कोंबडा म्हटला की माणसाच्या अंगावर धावून येणारा, पिंडरीला टोच मारणारा. हा? हा आत्यांच्या मांडीवर झोपायचा! मांजर आलं तर हाच बाजूला व्हायचा. दाणा दिसला की आधी "टुक टुक टुक" करून कुणाला तरी बोलवायचा, आणि अंगणात त्याच्याशिवाय कुणी नसल्यामुळं थोडा वेळ वाट बघून मग स्वतः खायचा. आत्यांना ते ऐकून फार वाईट वाटायचं. "जोडीला कोन न्हाय की गं त्याला," म्हणायच्या.

आणि मग जोडी आली. आत्यांचं माहेर मंगळवेढ्याकडं. त्यांचा धाकटा भाऊ दिवाळीनंतर आला तो एका मोठ्या पाटीत जाळी बांधून पाच गावरान कोंबड्या घेऊन. एसटीत मांडीवर धरून आणल्या होत्या बिचाऱ्यानं. "अक्के, तुला अंडी हुतील, आन् कोंबड्याला सोबत." आत्यांनी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि रडल्या. आईवडील गेल्यावर माहेराहून आलेली ती पहिलीच वस्तू होती. आता सांगा, ह्या कोंबड्यांना कोण हात लावणार?

पहिल्या दिवशी कोंबड्यानं काय करावं? ज्वारीचे दाणे टाकले तर आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या "टुक टुक"ला कुणीतरी आलं. पाचही धावत आल्या. हा दोन पावलं मागं सरकला, पाहुण्यांना वाढून उभं राहावं तसा. त्यांनी दाणे संपवले, आणि त्यातली सगळ्यात मोठी, मानेवर पिसं नसलेली, तिनं मान वर केली आणि ह्याच्या तुऱ्यावर खणकन चोच मारली. मला हसूच आलं. म्हटलं, नवी सून घरात आली की आधी नवऱ्याला धाकात घेते, चालायचंच.

चार दिवसांत हसू गेलं. थोरलीचं बघून बाकीच्याही लागल्या. शेपटीची पिसं उपटायच्या, तुऱ्याला टोचायच्या. रक्त दिसलं की जास्तच. आणि हा उलटून एक टोच मारेल तर शपथ! अंगानं त्यांच्या दीडपट, पायाला हे एवढाले काटे, पण मान खाली घालून भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. मी झाडू घेऊन पळत जायचे, कोंबड्या पांगायच्या, मी मशीनवर बसले की पुन्हा गोळा. दिवसभर शिवण राहिलं बाजूला, हाड हाड करण्यात वेळ जायला लागला.

शेजारी एक अक्का राहते, घरात टॉवेलचे माग आहेत त्यांच्या, तेलुगू माणसं. ती भिंतीवरून म्हणाली, "एक तर ते कापून टाका, नाय तर हे कापून टाका. त्यात काय एवढं विचार करायचं?" बरोबरच होतं तिचं. जगात कुणीही हेच केलं असतं. पण हा देवीचा आणि त्या माहेरच्या. कापायचं कुणाला, विकायचं कुणाला? मी तिला म्हणाले, "अक्का, मलाच काप, सगळे सुटतील."

आणि मी एक ठरवलं. आत्यांना कळू द्यायचं नाही. त्यांना दिसत तर नव्हतंच. कोंबडा जखमी झाला म्हटलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं, लेकाच्या नावानं धास्ती घेतली असती, साखर वर गेली असती. सकाळी त्या विचारायच्या, "कोंबडा हाय न्हवं?" मी म्हणायचे, "हाय की, चांगला हाय." त्यांनी मांडीवर मागितला तर म्हणायचे, आत्ताच खाऊन बसलाय, राहू द्या. एवढ्या लपवाछपवीत मी मोठं शहाणपण समजत होते.

औषध काय करायचं? आमच्या घरात लागलं, मुरगळलं, सुजलं, काहीही झालं की एकच औषध, हळद आणि चुना. आईनं लावलं, सासूनं लावलं, बैलाच्या खांद्याला लावलं, माझ्या नवऱ्याच्या बरगड्यांवरही आत्यांनी दवाखान्यातून आल्यावर लावलंच होतं. आत्या पान खातात, त्यामुळं चुन्याची डबी घरात कायमची. मी चिमटीभर हळद घेतली, त्यात बोटभर चुना कालवला, आणि त्याच्या तुऱ्यावर, डोक्यामागच्या जखमेवर चांगला थापला. तो हललासुद्धा नाही. डोळे मिटून माझ्या हातात डोकं देऊन बसला. मला बरं वाटलं. म्हटलं, आता उद्यापर्यंत खपली धरेल.

अंगणात सोडला आणि मी वळतेय न वळतेय तोच पाचही जणी त्याच्या डोक्यावर. अशा तुटून पडल्या की मी चप्पल फेकून मारली तरी हटेनात. संध्याकाळी मी आणखी जाड लेप लावला. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. जितकं मी लावावं तितकं त्यांनी टोचावं. मला वाटलं, ह्या कोंबड्यांच्या अंगात काहीतरी शिरलंय. आठवडा गेला असा. त्या आठवड्यात त्याचं आरवणं बंद झालं.

शेवटी त्याला शिवणाच्या पिशवीत घातलं, तोंड तेवढं बाहेर काढलं आणि रिक्षा करून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं रांगेत म्हशी, शेळ्या, एक पट्टा बांधलेला कुत्रा, आणि मी कोंबडा घेऊन. डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याचं डोकं उजेडात धरलं आणि विचारलं, "हे लाल काय लावलंय?"

"हळद-चुना लावलाय साहेब."

त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, हळदीत चुना घातला की रंग कसला होतो?"

लाल होतो. कुंकवासारखा लाल. लहानपणापासून हजारदा बघितलंय मी.

"कोंबड्या लाल रंगावर टोचतात. रक्त दिसलं की थांबत नाहीत. तुम्ही त्यांना रोज नवीन रक्त रंगवून देताय. आणि चुन्यानं जखम भाजतेय ती वेगळीच."

मी कोंबड्याकडं बघितलं. त्याचे डोळे मिटलेले, डोकं माझ्या हातात टेकलेलं, आठवडाभर मी त्याला भाजत होते. डॉक्टरांनी जांभळं औषध दिलं. ते लावलं की लाल झाकलं जातं, म्हणाले. पंधरा दिवस वेगळा ठेवा, आणि लाल काही लावू नका.

घरी येऊन मी त्याला पडवीच्या कोपऱ्यात मोठ्या डालग्याखाली ठेवला. बांबूचं ते डालगं, पालथं घातलं की आत हवा जाते, कोंबड्यांना जाता येत नाही. आत्यांना म्हणाले, "बोका फिरतोय, म्हनून झाकलाय." त्या बरं म्हणाल्या. जांभळ्या औषधाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर जखमेचं सांगावं लागलं असतं.

आता सुटलो असं वाटलं. कुठलं काय! त्यानं खाणं सोडलं. दिवसभर डालग्याच्या फटीतून अंगणाकडं बघत बसायचा. मी आत ज्वारी टाकली की "टुक टुक टुक" करून त्यांनाच बोलवायचा, ज्यांनी त्याचं डोकं सोललं होतं त्यांना! मला असा संताप आला. एका सकाळी मी त्याला उचललं, थोरलीला पकडून त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, "मार. मार की एक! काटे कशाला दिलेत देवानं?" तो तिच्याकडं बघत राहिला. मी त्याच्या पाठीवर एक चापट मारली. माझीच चापट, ज्याला सगळेच मारत होते त्याला. तो दबकून खाली बसला आणि मी मशीनवर जाऊन पदरात तोंड घालून रडले. कुणाचा राग कुणावर काढावा माणसानं?

सकाळी मी जांभळं लावायचे, संध्याकाळी बघावं तर पुन्हा ओलं, काळपट लाल. मला वाटायचं, आतून चिघळतंय, पाझरतंय. पुसून पुन्हा लावायचे. आठ दिवस झाले तरी जखम सुकेना. पुन्हा दवाखान्यात न्यायचं ठरवलं, पण लग्नसराई सुरू झाली होती, ब्लाउजांचा ढीग पडला होता. उद्या नेऊ, परवा नेऊ. हे उद्या-परवा मला आयुष्यभर पुरणार आहे.

एका दुपारी मी शिवलेले ब्लाउज द्यायला जुळे सोलापुरात गेले. तासाभराचं काम होतं. गिऱ्हाइकानं बाही उसवायला लावली आणि दोन तास झाले. परत आले तर डालगं उताणं पडलेलं. आत्या पाटावर बसलेल्या, चेहरा शांत. "सोडला बाई त्याला वाईच. किती दिस कोंडून घालायचं? कसा टुक टुक करून बोलवत हुता त्यांस्नी."

मी हातातली पिशवी टाकून अंगणात पळाले. तो पाण्याच्या टाकीमागं, भिंत आणि टाकीच्या फटीत डोकं खुपसून बसला होता. पाठीमागनं त्या टोचत होत्या. मी दगड मारला, थोरलीला लाथ मारली, माहेरची की कुणाची ते बघितलं नाही. त्याला ओढून बाहेर काढला तर एक डोळा गेलेला होता आणि डोक्यावर कातडंच उरलं नव्हतं.

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. आत्यांना माझ्या ओरडण्यावरून कळलं. त्यांनी हात पुढं केले आणि मी त्याला त्यांच्या मांडीवर दिला. मग त्याला घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेले तर दवाखाना बंद झालेला, उद्या सकाळी या म्हणून पाटी. सकाळपर्यंत तो थांबला नाही. उजाडताना त्यानं मान टाकली. रात्रभर आत्यांनी त्याला मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

मी घाबरले ती कोंबड्यासाठी नाही. मला वाटलं, आता ह्या लेकाच्या नावानं हंबरडा फोडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. फोन कर म्हणाल्या. मी केला, नवऱ्यानं उचलला, चहाला थांबलोय म्हणाला. त्यांनी ऐकलं, मान हलवली. मग म्हणाल्या,

"मला ठावं हुतं गं."

"काय ठावं हुतं?"

"त्याला लागलेलं. म्हनलं, त्या बोक्यानंच वरबाडलं आसंल. डोळ्याला दिसत न्हाय, पर बोटांना कळतंय की. तू दुपारी आत जरा आडवी झालीस की मी डालग्यात हात घालून बघत हुते. तू सांगितलं न्हाईस, म्हनलं आदीच चिडकी पोर, हिच्या डोक्याला आनि कशाला ताप. म्हनून मीच रोज लावत हुते."

"काय लावत हुता आत्या?"

"हळद-चुना. दुसरं काय लावनार? डबी हातातच असती माज्या. रोज दुपारी लावला बग, एक दिस चुकवला न्हाय. काल सोडायच्या आदीबी चांगला जाड लावला, म्हनलं उनात वाळंल." त्यांनी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तरी गुन आला न्हाय. माजं कायतरी चुकलं का गं?"

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते, लाल रंगाचं, जांभळ्या औषधाचं, मी कशी एका शब्दानं बोलले असते तर हे झालं नसतं, ते सगळं. तोंडावर बोलणारी बाई म्हणून गल्लीत माझं नाव आहे. पण त्या म्हातारीचं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं वर झालेलं, ती उत्तराची वाट बघत होती, आणि मला तिची इतकी माया आली, आणि स्वतःची इतकी शरम वाटली, की मी म्हणाले,

"न्हाय आत्या. तुमी लावला म्हनून तर इतके दिस काढले त्यानं."

"व्हय?"

"व्हय."

त्यांनी मोठा श्वास सोडला. कोंबड्याला मी अंगणात कडुनिंबाखाली पुरला. कोंबड्या भोवती येऊन उकरलेली माती चाळत होत्या, किडे खात होत्या. मी त्यांना हाकललंसुद्धा नाही.

आत आले तर आत्या मोरीपाशी चाचपडत गेल्या होत्या. म्हणाल्या, हातावर पाणी घाल. मी तांब्यानं पाणी ओतू लागले. त्यांची बोटं पेरांपर्यंत लाल झाली होती, नखांच्या कडांना रंग पक्का बसला होता; इतके दिवस मी तो पानाचा समजत होते. त्या हातावर हात चोळत होत्या, मी ओतत होते. दुसरा तांब्या संपला.

"गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

"गेलं," मी म्हणाले. गेलं नव्हतं.